उंदरांची साक्ष

‘उंदीर म्हणजे कांहीं माणूस नव्हे,’ हें वाक्य शहाण्यासुरत्यांच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं, आतां तें कानीं पडतांच बोलणाराच्या खिशाकडे आमची दृष्टि जाते. बिस्फेनॉल-ए ह्या रसायनाचीच कथा पाहा. डॉड्स व लॉसन ह्या इंग्रज संशोधकांनीं १९३६ सालीं अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांवर प्रयोग करून हें द्रव्य स्त्रीसंप्रेरकासारखें वागतें असें दाखविलें. पुढें १९५० नंतर त्याच द्रव्यापासून पारदर्शक प्लास्टिक व अन्नाच्या डब्यांचे आंतले लेप होऊं लागले. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्याही त्याच्याच! जुनी साक्ष कोणास आठवली नाहीं.

१९९८ सालीं अमेरिकेंत पॅट्रिशिया हंट ह्यांच्या प्रयोगशाळेंत भलत्याच साबणानें पिंजरे व पाण्याच्या बाटल्या धुतल्या गेल्या. प्लास्टिक झिजून हें द्रव्य पाझरलें, आणि ज्या माद्यांना कांहींच दिलें नव्हतें त्यांच्या अंड्यांत गुणसूत्रें रांगेस न लागण्याचें प्रमाण शेंकडा एक-दोनांवरून चाळीसांपर्यंत चढलें. (साबण चुकला नसता तर?)

उंदराच्या व मनुष्याच्या शरीरांतून हें द्रव्य सारख्या वाटेनें बाहेर पडत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. पण ही शंका हानि दिसली म्हणजेच कां सुचावी? हानि न दिसलेला प्रयोग हाच पक्ष छातीठोकपणें पुढें करितो. तेव्हां उंदीर बिनतक्रार माणूस होतो! शिवाय उंदीर कोणत्या जातीचा? पुष्कळ पिलें व्हावींत म्हणून पिढ्यानुपिढ्या निवडलेल्या जातीवर स्त्रीसंप्रेरकाचा परिणाम फारच कमी होतो, असें स्पिअरो ह्यांनीं १९९९ सालींच दाखविलें आहे. बहिऱ्यास साक्षीला बोलावून त्यानें कांहीं ऐकिलें नाहीं असा निकाल द्यावा, तशांतलाच हा प्रकार.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें रोज पोटांत गेलें तरी चालेल असें ह्या द्रव्याचें प्रमाण २०२३ सालीं २०१५ च्या मानानें वीस हजार पटींनीं खालीं आणिलें, तेंही मुख्यतः उंदरांच्या प्लीहेंतील पेशींवरून. मधल्या आठ वर्षांत ज्या गर्भवतींनीं डब्यांतलें अन्न निर्धास्तपणें खाल्लें त्यांना कोण काय सांगणार?

प्रत्येक अशा प्रयोगांत कांहीं प्राण्यांना ज्ञात संप्रेरकही द्यावें, आणि त्यानेंही ज्यांच्यावर परिणाम होत नाहीं त्यांच्या मौनास निर्दोषत्वाचा पुरावा मानूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. हजारों मुके जीव मारून घेतलेली साक्ष निदान ऐकिली तरी जावी.