नाताळचा गोठा आणि आपली मुले

डिसेंबर उजाडला की दुकानांच्या दारात लाल टोप्या लटकू लागतात. पाठोपाठ शाळेची चिठ्ठी येते, मुलास सांताक्लॉजच्या वेशात पाठवावे. पैसे मोडतात, फोटो निघतो आणि नाताळ संपतो. आमच्या मते यात मुलाच्या हाती काहीच लागत नाही. नाताळ दाखवायचा तर शेजारच्या ख्रिस्ती घरात दाखवावा, आणि तोही पंचवीस तारखेच्या आधीपासून.

वसई, वांद्रे, माझगाव किंवा गोवा, कुठल्याही कॅथलिक घरात गोठा मांडताना मुलांची लुडबूड असतेच. बऱ्याच घरांत दहाबारा दिवस आधी थाळीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. त्यावर रोज पाणी शिंपडायला धाकट्याला सांगावे. नाताळापर्यंत बोटभर हिरवे रान उभे राहते, तीच गोठ्याभोवतीची शेते. गवताचे छप्पर, मातीच्या मेंढ्या, गाय, गाढव, मरिया, योसेफ. आरशाचा तुकडा ठेवला की तळे झाले! गव्हाण मात्र रिकामी. बाळ ठेवायचे ते चोवीस तारखेच्या मध्यरात्री. काही घरांत तीन ज्ञानी पुरुष लांब मांडून रोज थोडे पुढे सरकवतात, ते 6 जानेवारीला पोचतात. लहान मुलाला वाट पाहायला शिकवणारा याहून चांगला खेळ आम्हांस ठाऊक नाही. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल व गाढव उभे करून हा देखावा मांडला होता.

स्वयंपाकघरातही मुलांना वाव आहे. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुलासाठी मैद्याची गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ कंगव्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची असते, आणि ते काम चिमुकल्या बोटांना झकास जमते. तळणे अर्थातच मोठ्यांनी करावे. पिठात अंडे असू शकते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावे.

काही माता विचारतात, आपण धम्म स्वीकारलेली माणसे, मुलांनी गोठा पाहायला जावे का? का जाऊ नये? पाहणे वेगळे, पूजणे वेगळे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) तर एकाच भावकीत एक घर ख्रिस्ती, दुसरे बौद्ध असते. तिथे चुलत्याच्या घरचा फराळ कोण नाकारणार? मुलाने इतरांचे पाहून हात जोडलेच, तर चारचौघांत दटावू नये. घरी आल्यावर समजावून सांगावे.

गोष्टही नीट सांगावी. लूकच्या शुभवर्तमानात आहे की, बेथलेहेमला सरायीत जागा नव्हती, म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत निजवले. पाच वर्षांचे पोर लगेच विचारते, "जागा का नाही दिली?" थोड्या मोठ्या मुलाला इथेच बडोद्याची हकीगत सांगता येते. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथल्या पारशी सरायीतून बाहेर काढले होते. मात्र दोन्ही गोष्टी एकच, असे भासवू नये. बेथलेहेमात जागा नव्हती. बडोद्यात खोली होती, ती जातीमुळे नाकारली. हा फरक मुलांना कळतो, मोठ्यांना वाटते त्यापेक्षा लवकर कळतो.

सांताक्लॉज रात्री येऊन उशाशी भेट ठेवतो, अशी थाप मात्र मारू नये. आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते. ते गरिबांना गुपचूप मदत करीत अशी आख्यायिका आहे, त्यावरून हा म्हातारा आला, एवढे सांगितले तरी मुलांची मजा कमी होत नाही.

25 डिसेंबरला आपल्याकडे महाडच्या 1927 सालच्या मनुस्मृती दहनाचा स्मृतिदिन असतो. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर शेजाऱ्यांकडे सकाळीच जावे, त्यांची मिस्सा आटोपली की. त्यांच्याकडून आलेले ताट रिकामे परत करू नये. घरात असतील ते शेंगदाण्याचे लाडूही चालतील. आणि वैशाख पौर्णिमेला खिरीचे पातेले उतरले की पहिली वाटी त्यांच्याकडे जाऊ द्यावी, मुलाच्याच हातून.