उतारावरील रोपांना समुद्री शेवाळ: अन्न नव्हे, आधार

भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींच्या परिसरात उत्खननातून निघालेल्या माती-दगडांचे ढीग आहेत. तीव्र उतार, नगण्य सेंद्रिय कर्ब आणि पावसाळी धूप यांमुळे अशा जागी रोप जगवणे कठीण असते. तेथे समुद्री शेवाळाच्या अर्काचा विचार जरूर व्हावा. मात्र तो खताला पर्याय मानू नये.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवल्या जाणाऱ्या कप्पाफायकस शेवाळाच्या अर्कात पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये व वाढसंजीवके असतात. नत्र व स्फुरद मात्र अत्यल्प. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार असे अर्क ‘जैव-उत्तेजक’ या वर्गात येतात.

उतारावर ओतलेले द्रावण जोरदार सरीबरोबर वाहून जाते. म्हणून अर्काची खरी जागा रोपवाटिकेत आहे: मुळे जोमदार व्हावीत यासाठी तो लागवडीपूर्वी पिशवीतील रोपांना द्यावा. उतारावर समतल चर आणि खड्ड्यात पूर्ण कुजलेले शेणखतच हवे. अर्धकच्चे खत म्हणजे वाळवी व हुमणीला आमंत्रण. मासळीचे खत नत्रयुक्त असले, तरी कच्चे वापरल्यास मुंग्या, माश्या आणि रानडुकरे ओढून आणते.

यश पानांच्या हिरवेपणावरून ठरवू नये. शेजारी अर्काविना काही ओळी राखाव्यात, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत रोपे मोजावीत आणि मेलेल्या रोपांची मुळे कीटकांसाठी तपासावीत. किनाऱ्यापासून इतक्या दूर आणलेल्या अर्काचा खर्च सार्थ ठरला की नाही, हे त्या मोजणीनेच कळेल.