ऐकणारे एक, ठरवणारे दुसरे



प्राध्यापकाला नोकरीवरून काढले, तर दाद मागायला न्यायाधिकरण आहे. पण वेतननिश्चिती चुकली, ज्येष्ठता यादीत नाव खाली सरकले किंवा ‘कॅस’ची (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम) स्थाननिश्चिती दोन वर्षे उशिराची धरली, तर त्याने जायचे विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 79 ने ही सोय केली आहे. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश आणि शक्यतो तीन महिन्यांत निपटारा. वाचताना बरे वाटते.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर मी अशा सुनावणीला गेलो होतो. वेळ अकराची, पुकारा झाला पावणेचारला. मला ‘बसा, पण बोलू नका’ या अटीवर आत घेतले. महाविद्यालयाने आपले लेखी म्हणणे समितीला आधीच दिले होते. आमच्या हाती ते पडले खुर्चीत बसल्यावर. चाळीसेक पानांचा गठ्ठा. त्यात सेवापुस्तिकेतली एक नोंद होती, तिच्याखाली सहकाऱ्याची सहीच नव्हती. ते पान तो शोधेपर्यंत ‘थोडक्यात सांगा’ असे दोनदा सांगून झाले होते. शिवाय ज्या नकारपत्राविरुद्ध तक्रार होती, त्यावर सही करणारे अधिकारीच सदस्य म्हणून समोर बसलेले. हे निदर्शनास आणले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘मी या प्रकरणात बोलणार नाही.’ आणि खरेच बोलले नाहीत.

न बोलणे पुरते का? जम्मू-काश्मीरमधील वनसेवेच्या निवडीत एक उमेदवारच निवड मंडळावर होता. स्वतःच्या नावाचा विचार होताना तो बाजूला राहिला. तरीही क्रैपक खटल्यात, 1969 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. अशा माणसाचे नुसते खोलीत असणेही इतरांच्या मतावर दाब आणते, हे कोणत्याही स्टाफरूममध्ये बसलेल्याला वेगळे सांगायला नको.

सहकाऱ्याला अकरा महिन्यांनी दीड ओळीचे पत्र आले: ‘आपली तक्रार व्यवस्थापन परिषदेने अमान्य केली आहे.’ पुढे माहितीच्या अधिकारात समितीचा अहवाल मिळाला, तेव्हा कळले की समितीची शिफारस त्याच्या बाजूची होती!

माझा खरा आक्षेप इथे आहे. समिती ऐकते, पण ठरवत नाही. ती परिषदेला अहवाल देते आणि परिषदेचा निर्णय अंतिम. परिषदेचे अध्यक्ष कुलगुरू, सदस्य-सचिव कुलसचिव. गाऱ्हाणे विद्यापीठाच्याच कारभाराविषयी असेल, तर ते फिरून त्याच टेबलावर येते, आणि या वेळी तक्रारदार खोलीतही नसतो. आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरील हरकती सचिवांनी ऐकल्या आणि आदेश मुख्यमंत्र्यांनी काढला, तेव्हा गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच ही वाटणी नाकारली होती. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर सुनावणी हा उपचार उरतो. तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येईल असे मी म्हणत नाही. इथे वाटणी कायद्यानेच केली आहे. पण त्यामागचा तर्क खोडता येईल, असे मला वाटत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘समितीचे कोर्ट करू नका, चहा घेत मिटवू द्या.’ चहाला माझा विरोध नाही. वकील नकोत, उलटतपासणीचा फार्सही नको. पण प्रतिपक्षाचे कागद पंधरा दिवस आधी मिळाले, तर अनौपचारिकपणा बिघडत नाही. उलट वेळ वाचतो. कायदा बदलेपर्यंत परिषदेने समितीच्या अहवालाची प्रत तक्रारदाराला देऊन त्याचे म्हणणे मागवावे. शिफारस फिरवायची असेल तर कारणे लिहावीत, आणि ज्यांच्या निर्णयावर आक्षेप आहे त्यांनी तो विषय निघताच बाहेर जावे. तशी नोंद इतिवृत्तात यावी. यातल्या कशालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

दोन वर्षे मी प्रभारी प्राचार्यही होतो, तेव्हा खोडसाळ तक्रारींचा तापही जाणतो. माझ्याविरुद्धची एक तक्रार अशीच दीड ओळीत फेटाळली गेली. मी जिंकलो खरा, पण ‘साहेबांनी वर बोलून घेतले’ ही कुजबुज शेवटपर्यंत थांबली नाही. कारणे लिहिली असती तर मला ती दाखवता आली असती.

तूर्त अधिसभेच्या एखाद्या सदस्याने पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे: गेल्या पाच वर्षांत समितीच्या किती शिफारशी परिषदेने फिरवल्या, आणि त्यांपैकी किती ठिकाणी कारण लिहिले?

— एक निवृत्त प्राध्यापक