चकमकीसाठी केवढा माणूस?

साहित्याच्या अभ्यासकाचा युद्धखेळाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. संबंध जुना आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांच्या घरगुती लढायांना नियम दिले. ते सैनिक सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे असत. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा सुटे आणि लागलेला सैनिक खरोखरच आडवा होई. पुढे खेळातल्या फौजा वाढत गेल्या आणि माणूस आकसत गेला: २५, १५, अगदी ६ मिलिमीटरपर्यंत. आज २८ मिलिमीटर हे माप सर्वाधिक रूढ आहे.

मोठ्या रणसंग्रामाला लहान माप योग्यच. तेथे सैनिक हा पलटणीचा अंश असतो. चकमकीच्या खेळात मात्र प्रत्येक बाजूला पाच-दहाच माणसे असतात आणि एक प्रतिमा म्हणजे एकच माणूस. महाकाव्यातला सेनासागर आणि लघुकथेतली व्यक्ती एकाच मापाने रंगवता येत नाहीत. म्हणूनच प्रस्तुत लेखकाचे मत असे, की चकमकीसाठी ५४ मिलिमीटरचीच प्रतिमा निवडावी.

यावर पहिला आक्षेप जागेचा असतो, आणि तो खरा आहे. ५४ मिलिमीटर म्हणजे साधारण १:३२ हे प्रमाण. शंभर मीटरवरचा बंदुकीचा मारा या प्रमाणात तीन मीटरांहून अधिक होतो. सहा फुटी टेबल त्याला पुरत नाही. परंतु ही अडचण मला उपकारक वाटते. मैदान सोडून वाडा, गल्ली, पूल, अंगण यांकडे वळणे भाग पडते. अंतर कमी होते आणि समोरच्याचा चेहरा दिसू लागतो.

निवड करताना चेहराच प्रथम पाहावा. २८ मिलिमीटरच्या अनेक प्रतिमांत डोके, हात आणि शस्त्रे मुद्दाम मोठी घडवलेली असतात, कारण दुरून ओळख पटायला हवी. तो ठसठशीत साचा झाला, व्यक्तिचित्र नव्हे. ५४ मिलिमीटरमध्ये अतिशयोक्तीची गरज उरत नाही. दुसरे, पाच जण पाच निरनिराळ्या पवित्र्यांत असावेत. त्यांत एखादा थबकलेला, मागे वळून पाहणारा अवश्य असावा. सगळेच तलवार उगारून धावत असतील तर कथा उरत नाही. तिसरे, शक्यतो एकाच घडणीच्या प्रतिमा घ्याव्यात. ५४ शेजारी ६० मिलिमीटरचा उभा केला की माणसांच्या मेळाव्यात राक्षस आल्यासारखा दिसतो. मऊ प्लॅस्टिकचे सैनिक स्वस्त पडतात, पण भाल्या-बंदुकांवरचा रंग लवकर सुटतो.

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा मोठे असतात आणि कोणाला खटकत नाही. तेथे आकार आदरावरून ठरतो. खेळात मात्र आकारावरून आपण कोणाकडे कसे पाहणार हे ठरते. सहा मिलिमीटरची पलटण उचलून डब्यात टाकताना हात अडखळत नाही. रंगवताना ज्याच्या डोळ्यांत दोन संध्याकाळी घालवल्या, त्याला आडवे करताना अडखळतो.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्स यांनी सुचवले होते, की हा छोटा खेळ खेळणाऱ्याला खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते ते उमगेल. पण १९१४ साली महायुद्ध सुरू होताच त्यांनीच 'युद्ध संपवणारे युद्ध' म्हणून त्याचे समर्थन केले. तेव्हा ५४ मिलिमीटरचा माणूस आपल्याला शहाणे करतो, असा दावा मी करणार नाही. तो समोर उभा असताना त्याला न पाहण्याची सबब तेवढी उरत नाही. खेळाकडून, आणि कथेकडूनही, मी याहून अधिक मागत नाही.