दाराशी उभे असलेले कृपाचार्य

आज घरोघरी शस्त्रपूजा होईल. पांडवांनी शमीवरून आपली शस्त्रे उतरविली, ती कथाही वडीलधारी मंडळी मुलांना सांगतील. मला मात्र दसऱ्याला हटकून महाभारतातील दुसरीच एक रात्र आठवते, ती सौप्तिकपर्वातली.

मांडी भंगून पडलेल्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करविला, तो कृपाचार्यांच्या हस्ते. पुढे निद्रिस्त शत्रूंवर तुटून पडण्याचा बेत भाच्याने बोलून दाखविला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याला परोपरीने अडविले. झोपलेल्याला, शस्त्र खाली ठेवलेल्याला मारणे हा धर्म नव्हे, असे बजावले. आणि मग तेच कृपाचार्य कृतवर्म्यासह शिबिराच्या दाराशी उभे राहिले, व जीव घेऊन बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी कापून काढले!

अश्वत्थाम्याच्या वाट्याला शाप आला. कृपाचार्यांना परीक्षिताचे गुरुपद मिळाले. हे मला नेहमीच खटकत आले आहे. अश्वत्थामा पितृवधाच्या संतापाने आंधळा झाला होता. कृपाचार्यांना सारे दिसत होते. आमच्या कथाकीर्तनांतून भळभळत्या जखमेचे वर्णन रंगते, दाराशी उभ्या असलेल्या या वृद्धाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही.

आज्ञापालन हा सैनिकाचा धर्म खराच. शिस्तीवाचून सैन्य म्हणजे नुसता शस्त्रधारी जमाव. पण आपल्या १९५० च्या सेना अधिनियमानेही हुकूम मोडणे हा गुन्हा ठरविताना त्या हुकुमामागे ‘कायदेशीर’ हे विशेषण जोडून ठेवले आहे. ते विशेषण पेलणे सोपे नसते.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन सैनिक निःशस्त्र बायकामुलांची कत्तल करीत होते. ह्यू थॉम्प्सन या चोवीस वर्षांच्या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर त्या सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्येच उतरविले. आपल्याच माणसांनी यांच्यावर गोळ्या झाडल्या तर तुम्ही त्यांच्यावर झाडा, असे त्याने दोघा साथीदारांना सांगितले. काही जीव वाचले. परतताच त्याने वरिष्ठांकडे तक्रार गुदरली. मायदेशी त्याला पुष्कळांनी देशद्रोही म्हटले. तीस वर्षांनी, १९९८ साली, त्याच्या सरकारने तिघांनाही पदक दिले. त्यांतील एक साथीदार १९६८ सालीच युद्धात कामी आला होता.