पायरी तीच, ऋतू वेगळा

नाशिकजवळ म्हसरूळची गजपंथा टेकडी ही सात बलभद्रांची निर्वाणभूमी. एक निवृत्त शिक्षक दर रविवारी पहाटे तिच्या पायऱ्या चढतात. वैशाखात कातळ तापण्याआधी ते लेण्यांच्या सावलीत पोहोचतात. मृगाच्या सरींनंतर पायऱ्यांवर तांबडे मखमली किडे फिरू लागतात. कार्तिकात गवत सोनेरी होते, पौषात पायथा धुक्यात बुडतो.

पूर्वी सहचारिणी सोबत असे. ते पुढे घाई करीत, ती मागून म्हणे, "जरा खाली बघून चाला." आता ते एकटेच चढतात. गेल्या श्रावणात उचललेल्या पावलाखाली गोगलगाय दिसली आणि ते थांबले. ईर्यासमितीचा अर्थ त्यांनी ग्रंथात अनेकदा वाचला होता. उमगला मात्र त्या पायरीवर, तिच्या शब्दांत.