विश्लेषण : आजोबांचं ताट नको, घरातला मिठाचा पुडा तपासा!

घरातल्या ज्येष्ठांचा बीपी वाढला, की पहिली कारवाई होते ती त्यांच्या ताटावर. लोणचं उचललं जातं, पापड बंद होतो आणि जेवताना मीठ मागितलं की सगळे एका सुरात ‘नको’ म्हणतात. आमटी मात्र तीच आणि तिच्यातलं मीठही तेवढंच! आपल्याकडे पोटात जाणारं बहुतांश मीठ स्वयंपाक करतानाच पडलेलं असतं. त्यामुळे एकट्या आजोबांना पथ्यावर बसवून भागत नाही, मीठ अख्ख्या घराचं कमी व्हायला हवं, असं माझं मत आहे.

मीठ किती खातो, हे कसं कळणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. पण रोज चिमूट कोण मोजत बसणार? त्यापेक्षा सोपा हिशेब सांगतो (इंजिनीअरिंगच्या पदवीचा तेवढाच उपयोग). नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. घरात चार माणसं असतील तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरला पाहिजे. तो महिन्यातच संपला, तर माणशी ८ ग्रॅमहून जास्त झालं. वर्षाच्या लोणच्याला वापरलेलं मीठ यातून वजा करा. फरसाण, पाव, खारी आणि नूडल्समधलं मात्र वेगळं मिळवा.

या पाकिटांवर मीठ नव्हे, सोडियम छापलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ झालं २ ग्रॅम. हे गणित सत्तरीतल्या माणसाने पाकिटामागच्या मुंगीएवढ्या अक्षरांतून करायचं! अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या मसुद्यात पाकिटाच्या दर्शनी भागावर तारे देण्याची कल्पना होती. तारे कशाला? ‘मीठ जास्त’ असं मराठीत ठळक छापा.

वयानुसार काय बदलतं?

रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून बीपीचा वरचा आकडा चढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचं किडनीचं काम मंदावतं. त्यात जिभेची चवही कमी होते. आजीला भाजी अळणी लागते तो हट्ट नसतो, तिला खरंच तशी लागते. मीठ थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. तोवर आमसूल, लिंबू, लसूण आणि जिरेपूड आहेच.

सैंधव चालेल का?

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, त्यामुळे त्याने फारसा फरक पडत नाही. ‘लो सोडियम’ मिठाची गोष्ट वेगळी. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले आणि बीपी वाढलेले असे हे लोक होते. पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. मात्र किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी सुरू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

उलट टोकही वाईटच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या काही ज्येष्ठांचं सोडियम एकदम घसरतं. ग्लानी येते, बोलण्यात गोंधळ होतो, तोल जातो. घरच्यांना वाटतं, वय झालं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि उठल्यावर चक्कर येत असेल, तर बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.